टीव्ही मालिकांवरचे जुने अमेरिकन कॉमिक्स: अंक ओळखण्यापासून पावसाळ्यात जपण्यापर्यंत

पन्नास-साठच्या दशकात अमेरिकेत एखादी टीव्ही मालिका जरा चालली, की काही महिन्यांत तिचं कॉमिक दुकानात लटकायचं. घरोघरी व्हिडिओ यायला अजून बराच अवकाश होता. एखादा भाग हुकला तर पुनःप्रक्षेपणाची वाट बघायची, एवढंच हातात. आवडती मालिका उशाशी घेऊन झोपायची सोय फक्त या दहा-बारा सेंटच्या अंकात होती. त्यामुळे मुलांनी हे अंक वाचून वाचून झिजवले, कूपनं कापली, आवडत्या नटांचे फोटो भिंतीवर चिकटवले. आज हे अंक गोळा करताना मुखपृष्ठ बघून हरखून जायचं नसतं, ते याच कारणाने. वरून देखणा अंक आतून अर्धा असू शकतो.

तपासायचा क्रम असा ठेवा: आधी नंबर, मग पानं, मग कागद आणि सगळ्यात शेवटी मुखपृष्ठ. नवखा संग्राहक नेमका उलटा जातो आणि पैसे घालवून बसतो. इथे मुख्यतः डेल आणि गोल्ड की या दोन छापांचे अंक धरले आहेत, कारण त्या काळातले टीव्ही मालिकांचे बहुतेक अंक याच दोघांचे.

प्रकाशकाची भानगड

डेलचे अंक १९६२ पर्यंत प्रत्यक्षात तयार करायची ती विस्कॉन्सिनमधल्या रेसीन गावची वेस्टर्न ही छपाई कंपनी. मालिकांचे हक्क मिळवणं, लेखक-चित्रकारांकडून काम करून घेणं, छापणं हे सगळं वेस्टर्नकडे. पैसा आणि वितरण डेलकडे. १९६२ साली दोघांची फारकत झाली. वेस्टर्नने 'गोल्ड की' हा स्वतःचा छाप काढला आणि बऱ्याच मालिका सोबत नेल्या. डेलनेही नव्या मालिका घेऊन स्वतंत्रपणे अंक काढणं चालू ठेवलं. म्हणून 'बोनान्झा' किंवा 'द ट्वायलाइट झोन' यांचे अंक दोन्ही छापांत सापडतात, तर 'द मंकीज', 'बिविच्ड', 'गेट स्मार्ट' हे फारकतीनंतरच्या डेलचे.

एक शंका हमखास येते. त्या काळच्या इतर अमेरिकन कॉमिक्सवर कॉमिक्स कोडचा, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेल्या मजकुराच्या नियमावलीचा, शिक्का असतो, यांच्यावर नाही, मग अंक नकली आहे का? नाही. १९५४ मध्ये कोड आला तेव्हा डेलने त्यात सामील व्हायला नकार दिला, आणि गोल्ड कीनेही पुढे तेच धोरण ठेवलं.

पायरी १: नंबर वाचा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

डेलची 'फोर कलर' नावाची एक मालिका १९३९ ते १९६२ चालली आणि तिच्यात १३०० हून जास्त अंक निघाले. गंमत अशी की प्रत्येक अंक वेगळ्याच विषयाचा. या महिन्यात काउबॉय, तर पुढच्या वेळी बदक. नव्या टीव्ही मालिकेची चाचणी इथेच व्हायची. अंक खपला की आणखी एक-दोन काढायचे, आणि तेही खपले तर मालिकेला स्वतंत्र अंकमालिका द्यायची. पन्नाशीच्या दशकातल्या या अंकांच्या मुखपृष्ठावर 'फोर कलर' हे नाव दिसत नाही. दिसतो फक्त मोठा आकडा.

त्यामुळे 'गनस्मोक'चा पहिला अंक शोधायला 'क्रमांक १' बघत बसलात तर तो कधीच मिळणार नाही. तो फोर कलरचा ६७९ वा अंक आहे. त्यानंतर ७२०, ७६९, ७९७ आणि ८४४ असे एकूण पाच चाचणी-अंक निघाले आणि स्वतंत्र मालिका थेट क्रमांक ६ पासून सुरू झाली. 'मॅव्हरिक'चे चाचणी-अंक सहा, पहिला ८९२, म्हणून पुढची मालिका ७ पासून. 'आय लव्ह लूसी'चे दोन, ५३५ आणि ५५९, म्हणून पुढे ३ पासून. सूत्र एकच: स्वतंत्र मालिका ज्या आकड्याने सुरू होते त्यातून एक वजा करा, तेवढे फोर कलर अंक मागे आहेत. विक्रेता 'पहिला अंक' म्हणून मॅव्हरिकचा ७ वा दाखवत असेल, तर ती स्वतंत्र मालिकेची सुरुवात आहे, मॅव्हरिकची नव्हे. किमतीत याचा फरक पडतो.

हे सूत्र १९६२ च्या आसपास मोडतं. 'द ट्वायलाइट झोन'चे दोन फोर कलर अंक आहेत, ११७३ आणि १२८८. मग डेलचेच दोन अंक असे, की ज्यांच्यावर क्रमांकच नाही, फक्त कोड आहे: ०१-८६०-२०७ आणि १२-८६०-२१०. त्यानंतर गोल्ड कीने नव्याने क्रमांक १ पासून सुरुवात केली. म्हणजे ज्याला 'पहिला' म्हणता येईल असे या एका मालिकेचे दोन अंक आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

आता कोड. डेलच्या २०७ मधला २ म्हणजे १९६२ आणि ०७ म्हणजे जुलै. गोल्ड कीवर 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या अंकाचा कोड १०२१०-७०७ असा आहे. आधीचे पाच आकडे मालिकेचे. शेवटच्या तिनांपैकी पहिला वर्षाचा शेवटचा आकडा, उरलेले दोन महिना. ७०७ म्हणजे जुलै १९६७. मग १९७७ का नाही? ते किंमत सांगते. साठच्या दशकातला गोल्ड की अंक बहुतेक वेळा १२ सेंटचा, तर सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा किंमत ३५ सेंटपर्यंत गेली होती. कोड आणि किंमत नेहमी एकत्र वाचा.

नुसत्या मुखपृष्ठावर भिस्त ठेवू नका. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला किंवा पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात प्रकाशनाचा मजकूर असतो. त्यात अंकाचं नाव, क्रमांक आणि महिना असतो. तो मुखपृष्ठाशी जुळला पाहिजे. एका अंकाचं मुखपृष्ठ दुसऱ्या अंकाच्या आतल्या पानांना लावून विकण्याचे प्रकार होतात, आणि ते इथेच उघडे पडतात.

दोन गोष्टी आणखी. गोल्ड की स्वतःच्याच जुन्या कथा पुन्हा छापायची: 'स्टार ट्रेक' २९ मध्ये पहिल्या अंकाचीच कथा आहे. वाचायला उत्तम, पण किंमत पहिल्या अंकाची देऊ नका. दुसरी गोष्ट व्हिटमनची, म्हणजे वेस्टर्नच्याच दुसऱ्या छापाची. सत्तरच्या दशकात तेच अंक डाव्या कोपऱ्यात गोल्ड कीऐवजी व्हिटमनचं चिन्ह छापून, तीन-तीनच्या प्लॅस्टिक पिशवीत मोठ्या दुकानांत विकले जायचे. आतला मजकूर एकच. कोणतं चिन्ह हवं हे आधी ठरवा, नाहीतर संचात सरमिसळ होते.

पायरी २: पानं मोजा

नेहमीच्या अंकात मुखपृष्ठ सोडून ३२ पानं. म्हणजे १६ पत्रं (एका पत्राच्या दोन बाजू, म्हणजे दोन पानं), आणि ही १६ पत्रं म्हणजे मधोमध दुमडलेले ८ कागद, दोन पिनांनी धरलेले. कुणी '३६ पानं' लिहिलं तर त्याने मुखपृष्ठाच्या चार बाजू धरल्या आहेत. पन्नाशीच्या सुरुवातीचे काही अंक जाड असतात आणि 'जायंट' अंक तर फारच, त्यांचा हिशेब वेगळा.

हात धुऊन पूर्ण कोरडे करा. अंक स्वच्छ टेबलावर सपाट ठेवा, हवेत धरून उघडू नका. खालचा उजवा कोपरा बोटाच्या गादीने हलकेच उचलून एकेक पत्र उलटा आणि मोजा. आठवं पत्र उलटलं की पिना दिसल्या पाहिजेत: तो मधला जोडकागद. पिना आधी किंवा नंतर दिसल्या तर काहीतरी कमी आहे.

इथे एक साधं गणित कामाला येतं. एकाच कागदाची दोन पत्रं असल्याने जोडीच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १७ येते. १ ला जोडी १६, ३ ला १४, ८ ला ९. समजा १४ वं पत्र पिनांपाशी सुटलेलं दिसतंय. मग लगेच ३ रं पत्र तपासा. ते बहुधा फाटून गेलेलं असतं आणि आधार गेल्यामुळे १४ वं लोंबतंय. मोजणीत १६ भरली, पण एखादं पत्र सुटं आहे, तर कथेचा धागा वाचून बघा, कारण सुटं पत्र दुसऱ्याच अंकातलं असू शकतं.

मधला जोडकागद सगळ्यात आधी जातो. तो बाहेरून दिसत नाही, पिनांचा सगळा ताण त्याच्यावर येतो, आणि पिना गंजल्या की त्याच्याच छिद्रांभोवती कागद सडतो. 'डार्क शॅडोज'च्या १ आणि ३ क्रमांकांच्या अंकांत पोस्टर होतं. पोरांनी ते काढून भिंतीला लावलं नसतं तरच नवल. पोस्टर नसेल तर अंक अपूर्ण समजायचा आणि किंमतही तशीच लावायची.

मग कूपनं. जाहिरातीच्या पानावरचं कूपन कापलेलं असेल तर त्या पत्राच्या मागच्या बाजूची कथाही गेली. प्रत्येक पत्राच्या चारही कडांवरून नजर फिरवा. छोटासा चौकोन चटकन लक्षात येत नाही.

मुखपृष्ठाची वरची पट्टीच नसेल, तर तो अंक न विकला गेलेला आहे. परतावा मिळवण्यासाठी दुकानदार मुखपृष्ठाचा वरचा भाग फाडून परत पाठवत, आणि उरलेला अंक नियमाविरुद्ध स्वस्तात विकला जाई. वाचायला घ्या, संग्रहाला नको.

मलपृष्ठही बघा. साठच्या दशकात गोल्ड कीच्या बऱ्याच अंकांच्या मलपृष्ठावर जाहिरातीऐवजी भिंतीवर लावण्यासारखं चित्र किंवा फोटो असे. काही अंक दोन्ही तऱ्हांनी छापले गेले, काही प्रतींवर फोटो तर काहींवर जाहिरात. फोटोवाल्या प्रतीला संग्राहक जास्त मोजतात.

पायरी ३: कागद

आतला कागद वर्तमानपत्राचा, लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेडाने आणि हवेने पिवळं होतं आणि कागदात आम्ल वाढतं. रंगाची उतरंड अशी: पांढरा, मोतिया, साईसारखा, तपकिरी, आणि शेवटी ठिसूळ. साईच्या रंगापर्यंत बिनधास्त घ्या. तपकिरी असेल तर भाव पाडा. ठिसूळ अंक कितीही दुर्मीळ असला तरी उघडताना दरवेळी तुटणार. कोपरा वाकवून ठिसूळपणा बघायचा नाही, त्यानेच तुकडा पडतो. अंक पांढऱ्या कागदावर दोन-तीनदा उघडून मिटा. कागदावर तपकिरी भुगा पडला तर उत्तर मिळालं.

वास घ्या. जुन्या कागदाचा गोडसर वास ठीक. कुबट, ओल्या गोणपाटासारखा वास म्हणजे बुरशी, आणि ती शेजारच्या अंकांना लागते.

पायरी ४: मुखपृष्ठ

डेल आणि गोल्ड कीच्या टीव्ही अंकांचा खरा जीव म्हणजे फोटोचं मुखपृष्ठ. 'स्टार ट्रेक'च्या पहिल्या नऊ अंकांवर फोटो आहेत, नंतर रंगवलेली चित्रं. 'द ग्रीन हॉर्नेट'चे तीनच अंक निघाले आणि त्यांवर ब्रूस लीचे फोटो, त्यामुळे मालिका एका मोसमात संपली तरी अंकांची मागणी आटली नाही. पण याच फोटोंना गडद पार्श्वभूमी असते, आणि गडद शाईवर पडलेली प्रत्येक दुमड पांढरी रेघ होऊन दिसते. याचा गैरफायदा घेऊन काही जण काळ्या मार्करने रेघा बुजवतात. मुखपृष्ठ उघडून आतली बाजू उजेडात बघा. मार्करची शाई कागदात झिरपून मागे निळसर-जांभळा डाग उमटवते. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली नवा कागद आणि काही चिकट पदार्थ निळसर चमकतात, मूळ जुना कागद मंद राहतो.

कडा छाटल्या आहेत का हे मोजून बघा. साठच्या दशकातला अंक साधारण १७.५ ते १८ सेंटिमीटर रुंद आणि २६ उंच, पन्नाशीतला थोडा रुंद. कारखान्यातली कापणी नेहमी थोडी तिरकी असते, त्यामुळे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक सोडा. पण झिजलेल्या अंकाची एकच कड ब्लेडसारखी ताजी आणि पांढरी दिसत असेल, तर कुणीतरी फाटकी कड कापली आहे.

मधोमध उभी दुमड म्हणजे वर्गणीदाराला टपालाने घडी घालून पाठवलेला अंक. दुमडीला इलाज नाही, पण तेवढ्यासाठी अंक नाकारू नका.

दर्जा ०.५ ते १० अशा मापात सांगतात: २ म्हणजे गुड, ४ व्हेरी गुड, ६ फाइन, ८ व्हेरी फाइन, ९.४ निअर मिंट. 'गुड' या शब्दाला भुलू नका, तो मापाच्या तळाजवळचा अंक आहे: झिजलेला, पण पूर्ण. बजेट मर्यादित असेल तर ४ ते ५ दर्जाचे पूर्ण अंक घ्या. उघडून वाचता येतात, दिसतातही छान. ९ च्या वरच्या अंकाला तुम्ही हात लावायला घाबराल, आणि हे अंक वाचण्यासाठीच आहेत. 'झोरो'च्या फोर कलर ८८२ क्रमांकाच्या अंकातली चित्रं अ‍ॅलेक्स टॉथची आहेत. काळ्या सावल्यांतून त्याने आख्खी खोली कशी उभी केली आहे, ते बंद खोक्यात ठेवून कळणार नाही. त्या अंकात त्याचं नाव छापलेलं नाही. वेस्टर्नमध्ये नाव देण्याची पद्धतच जवळपास नव्हती, म्हणून चित्रकार त्यांच्या रेषेवरून ओळखायला शिकावं लागतं. 'मॅव्हरिक'मधला डॅन स्पीगल हा त्या दृष्टीने चांगला पहिला धडा. उलट 'स्टार ट्रेक'च्या सुरुवातीच्या अंकांची चित्रं इटलीत काढली गेली. तिथल्या चित्रकारांनी मालिका पाहिलेलीच नव्हती, हाताशी होते प्रसिद्धीचे फोटो. म्हणून त्यात यानाच्या इंजिनांतून ज्वाळा निघतात. ते छपाईचे दोष नाहीत आणि नकली असल्याची खूणही नाही.

पायरी ५: खरेदी आणि मागवणं

सुरुवात काउबॉयच्या मालिकांपासून करा. 'बोनान्झा', 'गनस्मोक', 'हॅव गन, विल ट्रॅव्हल' यांचे मधले अंक तुलनेने स्वस्त पडतात आणि चित्रं बहुतेकदा सरस असतात. 'स्टार ट्रेक' १, 'द मन्स्टर्स' १, 'द जेटसन्स' १, 'स्कूबी-डू' १ असे अंक हात बसल्यावर घ्या. सत्तरच्या दशकातले चार्लटन या दुसऱ्या प्रकाशकाचे 'स्पेस: १९९९' वगैरे अंक घेताना कागद आणि छपाई दोन्ही हलकी असणार, हे धरून चाला.

विक्रेत्याकडे पाच फोटो मागा: पुढचं मुखपृष्ठ, मलपृष्ठ, पिनांसह मधला जोडकागद, बारीक टाइपातला मजकूर, आणि तिरक्या उजेडात कणा, म्हणजे अंकाची पिनांची कड. 'पानं मोजली का, कूपन कापलेलं आहे का' असं थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मधल्या कागदाचा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका. दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेला अंक असेल, तर डबीवरचा प्रमाणपत्र क्रमांक संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळा.

पॅकिंग कसं हवं तेही सांगा: अंक पिशवीत, पिशवीला बोर्डाचा आधार, बाहेरून पन्हळी पुठ्ठ्याचे दोन तुकडे, एकाची पन्हळ उभी आणि दुसऱ्याची आडवी, म्हणजे कोणत्याच दिशेने वाकत नाही. त्यावर प्लॅस्टिक. नुसत्या फुगीर पाकिटात आलेला अंक वाकूनच येतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात कुणी मामा-मावशी असतील तर अंक त्यांच्या पत्त्यावर मागवा आणि येताना हातातल्या बॅगेत सपाट आणायला सांगा. जून ते सप्टेंबरमध्ये टपालाने मागवणं टाळता आलं तर टाळा.

पायरी ६: घरात ठेवणं

प्रत्येक अंकाला स्वतंत्र पिशवी आणि बोर्ड. पिशवी मायलारची, म्हणजे पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मची, उत्तम. पॉलिप्रॉपिलिनची चालते, पण ती पाच-सात वर्षांनी बदलावी लागते. पीव्हीसीची कधीही नको, तिच्यातून वायू सुटतात आणि ती शाईला चिकटते. बोर्ड आम्लविरहित, आरपार कॅल्शियम कार्बोनेट घातलेला घ्या. एकाच बाजूला लेप असलेला असेल तर चकचकीत बाजू अंकाकडे. मायलारची पिशवी घेण्याआधी अंक मोजा, पन्नाशीचे अंक साठच्या मापाच्या पिशवीत घुसवताना कोपरे मोडतात.

अंक उभे ठेवा, पत्त्यांच्या जोडासारखे, ना दाटीने ना सैल. सैल ठेवलेले अंक खाली घसरून कण्यात वाकतात.

आता आपल्याकडचा खरा शत्रू. जुलैत मुंबई-कोकणात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. कागदाला ४० ते ५० टक्के हवी, आणि ६५ च्या पुढे बुरशी धरू लागते. अंक ३५-४० लिटरच्या, घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यात ठेवा. त्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि जाळीच्या पिशवीत २५० ते ५०० ग्रॅम सिलिका जेल. बुटांच्या खोक्यात येतात तसल्या दोन पुड्यांनी काहीही होत नाही. नारिंगीवरून हिरवं होणारं जेल घ्या. हिरवं झालं की ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ओव्हनमध्ये तापवा, गार करा, परत ठेवा. आकडा ३५ च्या खाली उतरला तर थोडं जेल काढा, फार कोरडा कागद तडकतो. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, निदान १० सेंटिमीटर अंतर ठेवा. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर पावसाळ्यात त्याच्या पाठीला ओल सुटते.

डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला, कापूर यांतलं काहीही डब्यात घालू नका. पाला ओल आणि डाग आणतो, डांबरगोळीचा वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. कसर किंवा किड्याची शंका आली तर अंक दोन पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कागदावर दव धरेल.

दुरुस्तीचा मोह आवरा. जुना सेलोटेप ओढलात तर शाई निघून येते. गंजलेली पिन बदललीत तर जाणकार खरेदीदाराला ते कळतं आणि भाव पडतो. घरच्या घरी करण्याजोगं काम एकच: मुखपृष्ठाच्या पांढऱ्या भागावरची वरवरची धूळ पांढऱ्या व्हाइनिल खोडरबराच्या किसाने हलकेच टिपायची आणि मऊ ब्रशने झटकायची. फोटोवर, गडद शाईवर किंवा आतल्या पानांवर ते मुळीच करू नका.

दर ऑक्टोबरमध्ये सगळे डबे एकदा उघडा. प्रत्येक अंकाच्या पिना, कणा आणि मधला जोडकागद बघा, आणि वहीत क्रमांकापुढे तारीख घाला. पिनेभोवती तांबूस कडं गेल्या वर्षीपेक्षा मोठं झालेलं दिसलं, तर त्या डब्यातलं जेल कमी पडलं आहे.